सुटी संपवून पुन्हा सेवेच्या गावी

परदेशात स्वयंसेवक म्हणून जाणाऱ्याचे कौतुक निघताना होते. हारतुरे होतात, विमानतळावर फोटो निघतात. दोन वर्षांनी काम पुरे करून आला की पुन्हा सत्कार होतो. पण या दोहोंच्या मध्ये आणखी एक प्रवास असतो. वर्ष-सव्वा वर्षाने हा स्वयंसेवक सुटीवर घरी येतो, दोन-तीन आठवडे राहतो आणि पुन्हा आपल्या कामाच्या गावी जातो. या प्रवासाची दखल सहसा कोणी घेत नाही. वास्तविक पहिल्यापेक्षा हेच जाणे अधिक कठीण असते.

आपल्या वाचकांना याचा अनुभव वेगळ्या रीतीने आहेच. पोटासाठी मुंबई-पुण्याला आलेला माणूस मे महिन्यात गावी जातो. परत आल्यावर पहिले आठ दिवस खोली खायला उठते, डब्याला चव लागत नाही. पण त्याला कामावर हजर व्हावेच लागते, नाहीतर पगार कापला जातो. स्वयंसेवकाचे तसे नसते. त्याला थांबवणारा मालक नाही आणि पगाराची ओढही नाही. तो परत जातो तो केवळ दिलेल्या शब्दासाठी. म्हणून त्याचे परत जाणे समजून घेण्यासारखे आहे.

नियमांच्या वहीत काय आहे?

उदाहरण म्हणून अमेरिकेची 'पीस कोअर' ही संस्था पाहू. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांनी १ मार्च १९६१ रोजी तिची स्थापना केली. तेव्हापासून दोन लाख चाळीस हजारांहून अधिक स्वयंसेवकांनी १४०च्या वर देशांत काम केले आहे. भारतातही १९६१ ते १९७६ या काळात हे स्वयंसेवक होते. साधारण तीन महिने प्रशिक्षण आणि दोन वर्षे सेवा, असा एकूण २७ महिन्यांचा हिशेब असतो. राहणीचा भत्ता त्या गावातल्या माणसासारखे राहता येईल एवढाच मिळतो. सुटी महिन्याला दोन दिवस, म्हणजे दोन वर्षांत ४८ दिवस. सेवेच्या पहिल्या आणि शेवटच्या तीन महिन्यांत ती साधारणपणे घेता येत नाही. ज्याला मधेच घर गाठायचे असेल, तो ही सुटी साठवतो आणि स्वतःच्या पैशाने तिकीट काढतो. तिसरे वर्ष राहण्याचे कबूल करणाऱ्याला मात्र महिनाभराची खास सुटी आणि जाण्यायेण्याचा खर्च मिळतो.

सेवा संपवून घरी परतणाऱ्याला एक ठोक रक्कम मिळते. तिला पुन्हा जुळवून घेण्याचा भत्ता म्हणतात. म्हणजे घरी परतल्यावर जुळवून घ्यावे लागते, हे संस्थेने मान्य केले आहे. पण सुटीनंतर कामाच्या गावी परतणाऱ्यालाही तेच करावे लागते. त्यासाठी भत्त्याचे सोडाच, वेगळे नावही नाही. तो भार ज्याचा त्याने उचलायचा.

मन का उचलत नाही?

अभ्यासकांनी या गोष्टीचा विचार केलेला आहे. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड यांनी अमेरिकेत शिकून आलेल्या दोनशे नॉर्वेजियन लोकांच्या मुलाखती घेतल्या आणि १९५५ साली निष्कर्ष मांडले. सहा महिन्यांपेक्षा कमी राहिलेले लोक बऱ्यापैकी रुळलेले होते. दीड वर्षाहून अधिक राहिलेलेही रुळलेले होते. सहा ते अठरा महिने राहिलेल्यांची अवस्था मात्र सर्वांत वाईट होती. नव्याची नवलाई संपलेली असते आणि आपलेपणा अजून आलेला नसतो. पुढे १९६३ साली गुलाहॉर्न दांपत्याने दाखवले की घरी परतल्यावरही माणूस असाच एकदा खाली जातो आणि मग सावरतो.

आता हिशेब करून पाहा. स्वयंसेवकाची घरची सुटी बहुधा वर्षाच्या आसपास येते, म्हणजे नेमकी त्या पडत्या काळात. घरी तो दोन-तीन आठवडेच राहतो. तिथे रुळण्याआधीच पुन्हा निघतो. एकाच महिन्यात त्याला दोनदा उपरे व्हावे लागते.

घरी काय होते? पहिले दोन दिवस सगळे विचारतात, कसे आहे तिकडे? तो सांगू लागतो, पण पाच मिनिटांत बोलणे दुसरीकडे वळते. दुकानातल्या फळ्यांवर पन्नास तऱ्हेचे साबण पाहून त्याला गावातली पाण्याची रांग आठवते आणि अपराधी वाटते. आठवड्याने त्याच गरम पाण्याची, मऊ गादीची सवय होते. निघताना आई म्हणते, "झाले की एक वर्ष, आता पुरे." हा प्रश्न आईच्या मायेतून आलेला असतो, म्हणून त्याला उत्तर देणे कठीण जाते.

इकडे गावीही काळ थांबलेला नसतो. शाळेतला सोबतचा शिक्षक बदलून गेलेला असतो. भाजीचे वाफे पाण्यावाचून वाळलेले असतात. ज्या म्हातारीकडे रोज बसायचे, ती गेलेली असते. कष्टाने शिकलेली बोली महिनाभरात जड झालेली असते. मनात येते, आपण नव्हतो तरी गाव चाललेच, मग आपली गरज काय?

गाव काय पाहते?

याचे उत्तर गावाकडून पाहिले म्हणजे मिळते. पाहुणे येतात आणि जातात, हे गरीब वस्तीला चांगले ठाऊक असते. पाहणी करणारे येतात, फोटो काढणारे येतात, आश्वासने देणारे येतात. घरी जाऊन पुन्हा आलेला माणूस त्यांनी क्वचितच पाहिलेला असतो. पहिल्यांदा आला तेव्हा त्याला संस्थेने पाठवले होते. दुसऱ्यांदा तो आपणहून आला, ही गोष्ट गावाला बरोबर कळते. पुष्कळ ठिकाणी खरे काम या दुसऱ्या येण्यानंतरच सुरू होते. उलट तो आलाच नाही, तर त्याच्या जागी येणाऱ्या नव्या स्वयंसेवकाकडेही गाव संशयाने पाहते.

फिलिपाइन्समध्ये प्रवासाहून परतणाऱ्याने घरच्यांसाठी आणि शेजाऱ्यांसाठी काहीतरी आणायचे असते. त्याला 'पासालुबोंग' म्हणतात. वस्तू किमती नसली तरी चालते. प्रवासात तुमची आठवण होती, एवढेच तिने सांगायचे असते. घानातल्या अकान लोकांत आलेल्याला आधी पाणी देतात आणि मग प्रवासाची खबर विचारतात. आपल्याकडचे गूळपाणी आठवावे असाच हा रिवाज आहे. परतलेल्या स्वयंसेवकाने हे रिवाज पाळले, चार घरी बसून आपल्या घरची खबर दिली, तर अर्धे अंतर तिथेच तुटते.

विक्रोळीची परिचारिका

या संदर्भात मुंबईचे एक उदाहरण आहे. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले जिमी कार्टर यांच्या मातोश्री लिलियन कार्टर या परिचारिका होत्या. पतीच्या निधनानंतर, वयाच्या ६८व्या वर्षी, १९६६ साली त्या पीस कोअरमार्फत भारतात आल्या. विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत त्यांनी आधी कुटुंब नियोजनाचे आणि नंतर दवाखान्यातले काम १९६८ पर्यंत केले. घराशी दुवा होता तो पत्रांचा. ती पत्रे पुढे १९७७ साली पुस्तकरूपाने निघाली. पत्राचे उत्तर यायला तेव्हा दिवसचे दिवस लागत, तोवर हातातले काम सोबत करी.

आज मोबाइलवर आईचा चेहरा रोज दिसतो. हे सुख आहे, पण सुटीहून परतलेल्याचे मन त्यामुळे घरातच अडकून राहते. शरीर गावी आणि कान घरी, अशी त्याची अवस्था होते. म्हणून पहिले काही आठवडे फोनला आठवड्याचे दिवस ठरवून घेतलेले बरे. पहिल्या आठवड्यात मोठे काम हाती घेऊ नये. घरोघर जाऊन भेटावे, बोली जिभेवर येऊ द्यावी. मग एखादे छोटे काम घेऊन पुरे करावे, तुटलेला नळ असो की शाळेची यादी असो. मन लागले म्हणजे काम करू, असे म्हणत बसू नये. काम सुरू झाले की मन मागून येते.

ज्यांना निरोप घेता आला नाही

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे पीस कोअरने साठहून अधिक देशांतले सुमारे सात हजार स्वयंसेवक एकदम मायदेशी बोलावले. अनेकांना गावाचा नीट निरोपही घेता आला नाही. पुढे दोन वर्षे एकही स्वयंसेवक परदेशी गेला नाही. मार्च २०२२ मध्ये झांबिया आणि डॉमिनिकन रिपब्लिक या देशांत पहिल्या तुकड्या पोहोचल्या. त्यांत २०२० साली परत यावे लागलेले काही स्वयंसेवकही होते. घरी नोकरी शोधून स्थिर होण्याची वाट मोकळी असताना ते पुन्हा गेले.

ही गोष्ट केवळ अमेरिकेच्या मुलांची नाही. संयुक्त राष्ट्रसंघाने डिसेंबर १९७० मध्ये आपली स्वयंसेवक योजना मंजूर केली. तिच्यातले बहुसंख्य स्वयंसेवक आज आपल्यासारख्या विकसनशील देशांतले असतात. आपल्या वस्तीतली परिचारिका, अभियंता, शिक्षक उद्या असे जाऊ शकतात. ते सुटीवर घरी आले, तर पालकांनी दोन गोष्टी कराव्यात. एक, त्यांचे सांगणे पाच मिनिटांत न थांबवता पूर्ण ऐकून घ्यावे. दुसरी, निघताना त्यांच्या पिशवीत तिकडच्या शेजाऱ्यांसाठी चिवडा-लाडवाचा एक डबा ठेवावा. "आता पुरे" म्हणण्याऐवजी "त्यांनाही आमचा नमस्कार सांग" एवढे आई म्हणाली, तर मुलाला निघणे सोपे जाईल. तिकडे वाट पाहणाऱ्या माणसांनाही कळेल की या मुलामागे एक घर उभे आहे.