साडेतीन आण्यांचा तिरंगा

नाशिकरोडला ‘प्रेस’ म्हटलं की डोळ्यांपुढे वर्तमानपत्र येत नाही. उंच भिंत येते, भिंतीवरची तार येते, फाटकावरची झडती येते. ‘काका प्रेसला होते’ एवढं सांगितलं की नोकरी, पगार, पेन्शन, पुढचं काही विचारावं लागत नाही. पाटीवर ‘भारत प्रतिभूती मुद्रणालय’ असं भारदस्त नाव आहे, पण ते गावात कुणी उच्चारल्याचं मी ऐकलेलं नाही. शेजारी १९२८ साली उभी राहिली ती ‘नोट प्रेस’, आणि ही नुसती ‘प्रेस’. हिच्यात पोस्टाची तिकिटं छापतात, रेव्हेन्यू तिकिटं छापतात, पासपोर्टही इथलाच.

स्वतंत्र भारताचं पहिलं टपाल तिकीट याच भिंतीआड छापलं गेलं आणि त्यावर तिरंगा होता. तारीख २१ नोव्हेंबर १९४७. किंमत साडेतीन आणे, म्हणजे आजच्या पैशांत बाविसाला थोडी कमी. राष्ट्रध्वजावर लिहायचं तर माणसं नांदेडला जातात, तिथे खादीचे ध्वज शिवले जातात, जायलाच हवं. पण नाशिककराला ध्वजाची गोष्ट सांगायची तर त्याच्या हाताशी हा कागदाचा तुकडा आहे. तो ध्वजाबद्दल बरंच काही सांगतो, आणि एक अवघड प्रश्नही विचारतो.

आधी तिकीट नीट पाहू. आभाळात फडकणारा ध्वज. वर उजव्या कोपऱ्यात देवनागरीत ‘जय हिंद’. इंग्रजीत देशाचं नाव, किंमत आणि १५ ऑगस्ट १९४७ ही तारीख. म्हणजे तिकिटावरची तारीख आणि तिकीट निघाल्याची तारीख यांत तीन महिन्यांहून अधिक अंतर आहे. उशीर झाला म्हणून नाकं मुरडण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: संविधान सभेने हा ध्वज स्वीकारला तोच मुळी २२ जुलै १९४७ ला. स्वातंत्र्याला जेमतेम साडेतीन आठवडे उरले होते.

नेहरूंनी मांडलेल्या त्या ठरावात गडद केशरी, पांढरा आणि गडद हिरवा असे सारख्या रुंदीचे तीन आडवे पट्टे आहेत आणि मधल्या पट्ट्यावर गडद निळं चक्र आहे, सारनाथच्या सिंहशीर्षावर आहे तसं. उंची दोन तर लांबी तीन, हे प्रमाणही तेव्हाच ठरलं. १९३१ साली काँग्रेसने स्वीकारलेल्या तिरंग्यावर मध्ये चरखा होता. तो का गेला, याचं एक कारण नेहरूंनी त्या भाषणात दिलं ते मला फार आवडतं, कारण ते अगदी शिंप्याचं कारण आहे. चरख्याचं चाक एका टोकाला, चाती दुसऱ्या टोकाला. ध्वज मागून पाहिला की चित्र उलटं दिसणार. ध्वज दोन्ही बाजूंनी सारखाच दिसला पाहिजे. म्हणून चरख्याचं चाक ठेवलं आणि बाकीचा चरखा सोडला. तिकिटाला अर्थात ही अडचण नव्हती. त्याच्या मागच्या बाजूला डिंकच असतो.

‘जय हिंद’ ही अक्षरं कुठे आहेत तेही पाहा. ती आभाळात आहेत, ध्वजाच्या बाजूला. ध्वजावर एकही अक्षर नाही. अक्षरं असलेला ध्वजही एकेकाळी होता, त्याच्यासाठी आता इथून भगूरला जाऊ. नाशिकरोडहून देवळाली ओलांडली की भगूर, सावरकरांचं जन्मगाव. नाशकातल्या ‘मित्रमेळा’ या क्रांतिकारी संघटनेची पुढे ‘अभिनव भारत’ झाली आणि त्या वर्तुळातली माणसं लंडन-पॅरिसपर्यंत पोचली. २२ ऑगस्ट १९०७ रोजी जर्मनीत स्टुटगार्ट इथे आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत मादाम कामांनी जो ध्वज फडकवला, त्याच्या घडणीशी सावरकरांचं नाव जोडलं जातं. त्या ध्वजावर वरच्या हिरव्या पट्ट्यात आठ कमळं होती, खालच्या तांबड्या पट्ट्यात सूर्य आणि चंद्रकोर, आणि मधल्या पट्ट्यावर ठळक देवनागरीत ‘वंदे मातरम्’. पुण्याच्या केसरीवाड्यात हा ध्वज जतन केलेला आहे.

ज्या देशाला कुणी देश मानायला तयार नाही, त्याचा ध्वज बोलका असावाच लागतो. त्याला स्वतःचं नाव-गाव सांगावं लागतं. चाळीस वर्षांनी ती गरज उरली नाही, घोषणा कापडावरून उतरून बाजूला उभी राहिली. आजच्या ध्वजसंहितेत तर राष्ट्रध्वजावर कोणताही मजकूर लिहायला मनाईच आहे. २६ जानेवारीला दुचाकीवर मंडळाचं नाव छापलेला तिरंगा लावून फिरणाऱ्यांना हे कुणी तरी सांगायला हवं.

आता छपाई. प्रेस १९२५ ची. त्याआधी आपली तिकिटं लंडनहून डे ला रू कंपनीकडून छापून यायची. १९२६ पासून ती नाशकात छापू लागले आणि पुढची वीस वर्षं इथल्या कामगारांनी मुख्यतः एकच काम केलं: राजाचा चेहरा छापला. आधी पाचवे जॉर्ज, मग सहावे. आणि मग एका हंगामात हाताखाली ध्वज आला.

हे तिकीट लिथो पद्धतीने छापलेलं आहे. प्लेटवर जिथे चित्र तिथे तेलकट शाई धरते, जिथे कोरं तिथे पाणी. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एवढ्यावर सगळा कारभार. प्रत्येक रंगाची प्लेट वेगळी. संग्राहकांच्या सूचीत या तिकिटाचे रंग नारिंगी-लाल, निळा आणि हिरवा असे तीनच दिलेले असतात. पांढऱ्याला शाई लागत नाही, पांढरा पट्टा म्हणजे कागद. तीन शाया एकाच कागदावर केसभरही न सरकता बसल्या पाहिजेत, छापखान्याच्या भाषेत ‘रजिस्टर’ जुळलं पाहिजे. राजाचा चेहरा एकाच रंगात छापला की हा प्रश्न येत नाही. ध्वजात मात्र निळी प्लेट जरा सरकली की चक्र पांढऱ्या पट्ट्यातून बाहेर डोकावणार.

‘नारिंगी-लाल’ वाचून कुणाला खटकेल. ध्वज तर केशरी. पण नेमका कोणता केशरी, हे मोजमापाने सांगणारं भारतीय मानक तेव्हा अस्तित्वातच नव्हतं. ते १९५१ साली आलं, आणि मानकांच्या यादीत त्याचा क्रमांक एक आहे. छापणाऱ्यांनी ठरावातला शब्द वाचला आणि शाई कालवली. कागद तर जुनाच होता, ब्रिटिश अमदानीतला, चांदण्यांचं जलचिन्ह असलेला. तिकीट उजेडात धरलं की स्वतंत्र भारताच्या ध्वजामागे त्या चांदण्या दिसतात.

त्याच हंगामातलं आणखी एक काम सांगितल्याशिवाय राहवत नाही. १ ऑक्टोबर १९४७ ला पाकिस्तानने आपली तिकिटं काढली. ती होती सहाव्या जॉर्जचीच, भारतासाठी तयार केलेली तिकिटं, वर इंग्रजीत ‘पाकिस्तान’ असा शिक्का छापलेली. तो शिक्काही नाशकातच छापला गेला. देशाची फाळणी झाली तरी छापखान्याची व्हायला वेळ लागतो. एकाच आवारात शेजाऱ्याचं नाव छापणं आणि आपला ध्वज छापणं, दोन्ही चाललं होतं. या विषयावर अजून कुणी कादंबरी कशी लिहिली नाही याचं मला आश्चर्य वाटतं.

साडेतीन आणे हा परदेशी पत्रांचा दर होता. म्हणजे हा ध्वज मुख्यतः परमुलखात जाण्यासाठी निघाला. देशातल्या टपालासाठी दीड आण्याचं अशोकस्तंभाचं तिकीट १५ डिसेंबरला आलं, त्याच दिवशी विमानाचं चित्र असलेलं बारा आण्यांचंही आलं.

आता तो अवघड प्रश्न. तिकीट वापरायचं म्हणजे ते चिकटवायचं आणि मग पोस्टाने त्यावर काळा शिक्का मारायचा. नाही तर तेच तिकीट पुन्हा कुणी तरी वापरणार. म्हणजे ध्वजाच्या चित्रावर, कायद्याने, सरकारी नोकराच्या हातून शाईचा ठोसा. आणि १९७१ चा राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानाला प्रतिबंध करणारा कायदा वाचाल, तर त्यात राष्ट्रध्वज म्हणजे फक्त कापड नव्हे. ध्वजाचं चित्र, छायाचित्र, कोणत्याही वस्तूवर काढलेली प्रतिकृती, हे सगळं त्यात येतं. ती जाळणं, फाडणं, विद्रूप करणं याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. मग पोस्टमनकाका गुन्हेगार?

अर्थात नाहीत. उत्तर त्या ऑगस्टमध्येच मिळतं. १५ ऑगस्ट १९४७ ला नवं तिकीट तयार नव्हतं, पण ‘जय हिंद’ हा नवा शिक्का तयार होता. तिकिटं राजाची आणि त्यांच्यावर पडणारा ठसा ‘जय हिंद’चा. त्या दिवशीची पाकिटं पाहिली की कळतं, ठसा मारणारा हात चिडून मारतो की पत्र रवाना करण्यासाठी मारतो, हे कागदावरून ओळखू येत नाही. हेतू शाईत नसतो. ध्वजसंहितासुद्धा, माझ्या मते, अशीच वाचावी. ध्वज जमिनीला लागू नये, फाटका-मळका लावू नये, कशाच्या अंगावर पांघरूण म्हणून वापरू नये, कागदी झेंडे कार्यक्रमानंतर रस्त्यावर टाकू नयेत. या साऱ्या नियमांचा रोख निष्काळजीपणावर आहे. ध्वज कामाला लावण्यावर नाही.

संहितेतल्या नऊ ठरावीक आकारांत सगळ्यात मोठा ध्वज ६३०० बाय ४२०० मिलिमीटर, सगळ्यात लहान १५० बाय १००, टेबलावर ठेवण्याचा. तिकिटावरचा ध्वज त्याहून कितीतरी लहान, कुठल्याच नियमात न बसणारा. २००२ च्या संहितेने आणि २००४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सामान्य माणसाला वर्षभर घरावर तिरंगा लावता येऊ लागला. त्याच्या आधीची पन्नासहून अधिक वर्षं, सणावाराचे दिवस सोडले, तर बहुतेकांच्या हाताला तिरंगा लागायचा तो असाच, कागदावर.

माझ्याकडे या तिकिटाचा एक नमुना आहे, वापरलेला. शिक्का चक्रावरूनच गेलाय, गाव वाचता येत नाही. संग्राहक कोऱ्या तिकिटाला जास्त मान देतात. मला हे आवडतं, कारण हे कुठे तरी जाऊन आलंय.

तुमच्या घरी आजोबांच्या ट्रंकेत परदेशातून परत आलेली किंवा तिकडे धाडलेली अशी जुनी पाकिटं असतील, तर एकच विनंती. तिकीट सुंदर आहे म्हणून ते पाण्यात भिजवून सोडवू नका. पत्ता, शिक्का आणि तिकीट एकत्र असू द्या, पाकीट तसंच कोरड्या जागी, उजेडापासून दूर ठेवा.