काखेतला फुटका कळसा

मे २०२० मध्ये इराणची पेट्रोलवाहू जहाजे व्हेनेझुएलाच्या बंदरांकडे येऊ लागली, तेव्हा त्यांच्या स्वागतास लढाऊ विमाने व नौका पाठविण्यात आल्या. सुमारे ३०० अब्ज पिंपांचे खनिज तेल ज्याच्या भूमीत आहे, सिद्ध साठ्यांत ज्याचा क्रमांक जगात पहिला, त्या देशाने पेट्रोलसाठी परक्यांची वाट पाहावी! काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हणही येथे अपुरी पडते. कळसा हरवला नव्हता. तो फुटला होता, आणि फोडणारे हात घरचेच होते.

याचे खापर समाजवाद या एका शब्दावर फोडून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. सारा दोष अमेरिकी निर्बंधांच्या माथी मारणारेही कमी नाहीत. आम्हांस ही दोन्ही मते केवळ सोयीची वाटतात. तेल-उद्योगाचे राष्ट्रीयीकरण झाले १९७६ साली, म्हणजे ह्युगो चावेझ सत्तेवर येण्याच्या कितीतरी आधी; आणि पेदेवेसा ही सरकारी कंपनी पुढे पाव शतक नावलौकिकाने चालली. अमेरिकेने थेट तेलावर घाव घातला तो जानेवारी २०१९ मध्ये. त्याने बुडत्याचा पाय खोलात गेला हे खरे. पण उत्पादन त्यापूर्वीच निम्म्याहून खाली आले होते.

मूळ शोधावयाचे तर डिसेंबर २००२ पर्यंत मागे जावे लागते. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी व अभियंत्यांनी चावेझ यांना पायउतार करण्यासाठी संप पुकारला. त्या संपाची आम्ही भलावण करणार नाही. परंतु तो मोडल्यावर सुमारे १८,००० कर्मचाऱ्यांना घरी बसविण्यात आले, आणि त्यांच्याबरोबर दोन पिढ्यांचे ज्ञानही गेले. ओरिनोकोच्या पट्ट्यातील तेल काकवीसारखे घट्ट असते. ते पातळ करून वाहते ठेवावयास पैसा लागतो, तसा अनुभवही लागतो. बडतर्फ झालेल्यांपैकी अनेकांनी शेजारच्या कोलंबियाच्या तेलक्षेत्रांत आपले कसब दाखविले. इकडे कंपनीचे उत्पन्न विहिरींच्या डागडुजीऐवजी घरे, दवाखाने आणि स्वस्त धान्य यांवर खर्च होऊ लागले. त्यातून गरिबी काही काळ खरोखरच घटली. मात्र खाल्ले जात होते ते बेण्याचे धान्य.

त्यात चलनाचा घोळ. आमची काही वर्षे शाळेत मुलांना नफा-तोट्याची गणिते घालण्यात गेली. पण असले गणित घातले असते तर मुलांनी चूक आमचीच ठरविली असती. फेब्रुवारी २०१३ मध्ये डॉलरचा सरकारी दर ६.३० बोलिव्हार ठरला. २०१४ सरता सरता चोरबाजारात त्याच डॉलरला दीडशेहून अधिक बोलिव्हार पडत. ज्याच्या हाती परवाना, त्याने कागदोपत्री आयात दाखवावी आणि वीसपटीहून अधिक कमाई करावी. २०१२ या एका वर्षात १५ ते २० अब्ज डॉलर नाममात्र कंपन्यांकडे गेल्याचे मध्यवर्ती बँकेच्या तत्कालीन अध्यक्षांनीच पुढच्या वर्षी सांगितले. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ते असे. शेतकऱ्याची तऱ्हा निराळीच. मक्याच्या पिठाचे भाव सरकारने बांधलेले. बियाणे व खते पुरविणारी अ‍ॅग्रोइस्लेन्या ही मोठी कंपनी २०१० साली सरकारजमा झालेली. त्याने पेरावे तरी कशाच्या भरवशावर?

तेल पिंपाला शंभर डॉलरांवर होते तोवर सारे झाकले गेले. पडत्या काळासाठी १९९८ साली निर्माण केलेला राखीव निधी तेजीतच रिता झाला होता. चीनकडून तेलाच्या हमीवर कर्जेही उचलली होती. २०१४ च्या उत्तरार्धात भाव कोसळले, तेव्हा निकोलस मादुरो यांच्या सरकारने नोटा छापल्या. मध्यवर्ती बँकेच्याच आकड्यांनुसार २०१८ सालची भाववाढ १,३०,०६० टक्के होती. २००८, २०१८ आणि २०२१ मिळून चलनावरील चौदा शून्ये पुसावी लागली.

शून्ये पुसली तरी माणसे थांबली नाहीत. देश सोडून गेलेल्यांची संख्या ७० लाखांवर गेली. सीमेवरील पुलावरून पायी चालत कोलंबियातील कुकुता शहर गाठणाऱ्यांत, पगारात अंड्यांची एक करंडीही न येणारे शिक्षक होते, परिचारिका होत्या, आणि तेलविहिरींवरचे कामगारही होते.