रणजीत आपली टीम कोणती, बॉस?

आयपीएलमध्ये टीम निवडणं एकदम सोपं. जर्सी आवडली, कॅप्टन आवडला, झालं! पण ‘रणजीत तुमची टीम कोणती?’ असं कुणी विचारलं तर? नोकरी पुण्यात आणि गाव रेणापूर, जिल्हा लातूर असलेल्या माझ्यासारख्याची इथे जरा पंचाईत होते.

आमच्या ऑफिसातले मुंबईकर या विषयावर फार बोलत नाहीत. नुसतं ‘बेचाळीस’ म्हणतात आणि कॉफी घेऊन निघून जातात. मार्च २०२४ मध्ये मुंबईने ४२व्यांदा रणजी करंडक उचलला. नागपूरकर पूर्वी गप्प असायचे. विदर्भाने २०१८, २०१९ आणि २०२५ मध्ये करंडक नेल्यापासून त्यांचाही आवाज वाढलाय. मग सगळे माझ्याकडे वळतात, ‘आणि तुमचं महाराष्ट्र?’

आमची विजेतेपदं दोन. त्यातलं शेवटचं १९४०-४१ चं. एका राज्यात तीन टीम्स आणि जिच्या जर्सीवर अख्ख्या राज्याचं नाव, तिचंच कपाट रिकामं. पण थांबा. या टीमची स्टोरी ट्रॉफी मोजून कळणारी नाही.

प्रोफेसरांची बॅट

महाराष्ट्र राज्य झालं १ मे १९६० रोजी. महाराष्ट्राची टीम मात्र १९३४-३५ पासून, म्हणजे पहिल्या सीझनपासून रणजी खेळतेय. १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं मिळाली, तेव्हा कॅप्टन होते प्रा. दि. ब. देवधर. पुण्याच्या एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवणारे. पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनी मुंबईविरुद्ध २४६ काढले. पन्नाशी ओलांडल्यावर, १९४४ मध्ये, नवानगरविरुद्ध एकाच मॅचमध्ये दोन सेंच्युरी ठोकल्या. आपण तिशीत पाठदुखीसाठी स्पेशल खुर्ची मागतो, हे इथे आठवायला हरकत नाही! देवधर १९९३ मध्ये गेले, वयाची शंभरी पार करून.

त्याच टीममध्ये सांगलीचे विजय हजारे होते. १९३९-४० मध्ये बडोद्याविरुद्ध त्यांनी नाबाद ३१६ केले. रणजीतली ती पहिली ट्रिपल सेंच्युरी. देवधर करंडक आणि विजय हजारे करंडक ही नावं आपण आज सहज घेतो. दोन्ही माणसं महाराष्ट्राकडून खेळलेली.

आणि तेव्हा आमचं रेणापूर कुठे होतं? निजामाच्या राज्यात. सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता आणि १९३७-३८ ची रणजी हैदराबादने जिंकली होती. म्हणजे कागदोपत्री आमच्या पणजोबांचीही टीम चॅम्पियन होती. त्यांना कुणी कळवलं नसणार, एवढंच.

नऊ धावा आणि एक हट्ट

डिसेंबर १९४८, पुणे. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ वर पोचले होते. ब्रॅडमनचा वर्ल्ड रेकॉर्ड ४५२ चा, म्हणजे बरोबरीला फक्त नऊ धावा कमी. महाराष्ट्राचा स्कोअर चार बाद ८२६. ब्रेकमध्ये समोरच्या कॅप्टनने सांगितलं, आता डाव सोडा, नाहीतर आम्ही घरी चाललो. आणि टीम खरंच निघून गेली. निंबाळकर २०१२ पर्यंत जगले, पण एकही टेस्ट खेळले नाहीत. एकही नाही!

त्याच सीझनची सेमीफायनलही पुण्यात झाली. मुंबईचे ६५१ आणि आठ बाद ७१४, महाराष्ट्राचे ४०७ आणि ६०४. एकूण २३७६ धावा, फर्स्ट क्लास क्रिकेटच्या एका मॅचमध्ये सर्वाधिक. चौथ्या इनिंगमध्ये ६०४ करूनही आम्ही हरलो.

पुढे १९७०-७१ ची फायनल मुंबईने, १९९२-९३ ची पंजाबने आणि २०१३-१४ ची कर्नाटकने आमच्याकडून हिसकावली. या शेवटच्या सीझनमध्ये केदार जाधवने १२२३ धावा कुटल्या होत्या. ढाक्यात १९९८ मध्ये पाकिस्तानविरुद्ध विनिंग फोर मारणारा आपला हृषीकेश कानिटकर कॅप्टन म्हणून रणजी जिंकला, सलग दोनदा. पण राजस्थानसाठी! नोव्हेंबर २०२२ मध्ये ऋतुराज गायकवाडने उत्तर प्रदेशविरुद्ध एका ओव्हरमध्ये सात सिक्स मारले. (एक बॉल नो-बॉल होता.) त्या वेळची विजय हजारे करंडकाची फायनल मात्र सौराष्ट्राने जिंकली. आमचं हे असंच चालतं.

मराठवाडा एक्स्प्रेस

खरी गंमत पुढे आहे. लहानपणी मला ही टीम ‘पुण्याची’ वाटायची. गावात आमचा सीझन सोयाबीनची रास झाली की सुरू व्हायचा. पिंपळफाट्याजवळच्या मोकळ्या रानात टेनिस बॉल, विटांचे स्टंप आणि जिंकणाऱ्याला ढाल. रणजीची पोरं वेगळ्याच मातीची असतात, अशी आमची पक्की समजूत होती.

आता नावं बघा. बीडमध्ये जन्मलेला संजय बांगर बारा टेस्ट खेळला, पण रणजीत तो रेल्वेचा खेळाडू होता. औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा, इक्बाल सिद्दिकी डिसेंबर २००१ मध्ये मोहालीत इंग्लंडविरुद्ध टेस्ट खेळला. जिंकायला पाच धावा हव्या होत्या. या फास्ट बोलरला ओपनिंगला पाठवलं आणि पाचही धावा त्यानेच काढल्या. पुढची टेस्ट कधीच मिळाली नाही.

जालन्याच्या विजय झोलने २०११ मध्ये महाराष्ट्राच्या अंडर-१९ टीमकडून आसामविरुद्ध नाबाद ४५१ केले आणि रणजीच्या पहिल्याच मॅचमध्ये डबल सेंच्युरी. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातून आलेला अंकित बावणे महाराष्ट्राचा कॅप्टन झाला. तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर २०२२ मध्ये अंडर-१९ वर्ल्ड कप जिंकून आला आणि चेन्नईने त्याच्यावर दीड कोटीची बोली लावली. फेब्रुवारी २०२४ मध्ये अंडर-१९ वर्ल्ड कपच्या सेमीफायनलमध्ये चार बाद ३२ वरून भारताला बाहेर काढणाऱ्या दोघांपैकी एक होता बीडचा सचिन धस, ९६ धावा. ‘काय पो छे’मधला छोटा अली आठवतो? तो दिग्विजय देशमुख आमच्याच रस्त्यावर पुढे लागणाऱ्या अंबाजोगाईचा. पुढे तो महाराष्ट्राकडून खेळला आणि मुंबई इंडियन्सने त्याला घेतलं.

विकेटला पाणी कुठून आणायचं?

म्हणजे टॅलेंटचा प्रश्न संपला. उरला तो विकेटचा. सिमेंटवर काथ्याची मॅट अंथरली की बॉल सरळ आणि छातीएवढा येतो. टर्फवर तोच बॉल खाली राहतो, सीम होतो, तिसऱ्या दिवशी वळतो. मॅटवर वाढलेल्या पोराला ट्रायलमध्ये टर्फ मिळालं, की त्याचा फ्रंटफूट गोंधळतो. सिलेक्टरला दिसतो फक्त आऊट झालेला पोरगा. आणि टर्फ सांभाळायचं तर रोलर हवा, माळी हवा आणि महत्त्वाचं म्हणजे पाणी हवं.

पाणी! एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्याच महिन्यात मुंबई हायकोर्टाने दुष्काळामुळे ३० एप्रिलनंतरच्या आयपीएल मॅचेस राज्याबाहेर न्यायला सांगितलं. पुण्याची टीम विशाखापट्टणमला गेली. तेव्हा ऑफिसात बरीच कुरकुर झाली. मला ते पटलं होतं. घरी आठवड्यातून एकदा टँकर येत असताना मैदानावर फवारे बघवत नाहीत.

पण त्या निर्णयाची दुसरी बाजूही आहे. आयपीएल बाहेर गेली, तरी पुढच्या वर्षी परत आली. आमच्याकडे मात्र मैदानाचा नंबर नेहमीच प्यायच्या आणि शेतीच्या पाण्यानंतर लागतो आणि लागायलाच हवा. म्हणून चांगला खेळणारा पोरगा चौदाव्या-पंधराव्या वर्षीच रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला निघतो. साडेतीनशे किलोमीटर, खोलीचं भाडं, मेस, कोचिंग. ज्याच्या बापाला हे झेपतं, तो ट्रायलपर्यंत पोचतो. ज्याला झेपत नाही, तो ढाल जिंकत राहतो.

त्यामुळे माझी टीम महाराष्ट्रच. ट्रॉफी नसली तरी चालेल, तिच्या स्कोअरकार्डवर आता आमच्या भागातली नावं असतात. तुम्हीही एकदा गहुंजेला जाऊन बघा. रणजीला सहसा तिकीट लागत नाही, सीट हवी ती मिळते आणि स्लिपमधली बडबडसुद्धा ऐकू येते. डबा आणि टोपी मात्र बरोबर ठेवा. आणि शेजारी कुणी लातूरकडचं बसलेलं असलं, तर त्याला विचारा, यातला आपल्याकडचा कोण? तो बोट दाखवून सांगेल. त्या पोराने घर कितव्या वर्षी सोडलं, हेही सांगेल.