नेट मंद? आधी भिंत पाहा

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद भागातल्या जुन्या घरांत फायबर आलं, तरी आतल्या खोलीत व्हिडिओ अडखळतो. कंपनीला फोन लावण्याआधी राउटरला लॅपटॉप थेट केबलने जोडून वेग मोजा. केबलवर वेग पुरा आणि वायफायवर कमी, तर दोष घरातलाच.

जांभ्या दगडाची जाड भिंत लहरी शोषते. पावसाळ्यात ओल धरली की आणखीच. 5 गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान, पण भिंतीपुढे लवकर थकतो, 2.4 चा हळू, मात्र लांब पोहोचतो. पत्र्याचं कपाट तर लहरी परतवूनच लावतं. राउटर कोनाड्यात कोंबू नका; घराच्या मध्यावर, उंच आणि मोकळा ठेवा.

आकड्यांचाही घोळ होतो. 40 एमबीपीएसच्या जोडणीवर फाइल सेकंदाला फार तर 5 एमबीने उतरते, कारण 8 बिटांचा एक बाइट. यात फसवणूक नाही.

फायबरच्या डब्यावर 'एलओएस'चा लाल दिवा लागला असेल तर प्रकाशाचा सिग्नलच घरापर्यंत येत नाही. बहुधा तार तुटलेली किंवा मुडपलेली असते. अशा वेळी बंद-चालू करत बसू नका. तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या.