नवी कोंबडी खुराड्यात सोडताना



या पानावर मी नेहमी लागण, खोडवा आणि खताच्या मात्रा यांविषयी लिहितो. या खेपेस विषय परसातल्या कोंबड्यांचा आहे. उसाचे बिल हप्त्याहप्त्याने येते, पण अंड्यांचे चार पैसे घरातल्या बाईच्या हातात आठवड्याला पडतात. तेव्हा विषय लहान समजू नये.

काही वर्षांपूर्वी मी आठवडे बाजारातून अंड्यावर आलेल्या दोन कोंबड्या आणल्या आणि त्याच संध्याकाळी घरच्या नऊ कोंबड्यांत सोडल्या. पाचव्या-सहाव्या दिवशी नव्यांपैकी एक पिसे फुलवून बसली, तिला हिरवट पातळ हगवण लागली. पाठोपाठ घरच्या कोंबड्यांच्या माना वाकड्या होऊ लागल्या. डॉक्टरांनी राणीखेत सांगितला, म्हणजे आपली मानमोडी. पंधरवड्यात अकरापैकी दोन उरल्या. शेजारच्या आजींच्या चारही गेल्या, आणि त्यांचे तेल-मीठ त्यांवरच चालायचे. घरची मंडळी एवढेच म्हणाली, "अहो, गावाला सांगता बेणं पारखून घ्या, अन् घरात मात्र बिनपारखीचं आणता!"

बोलणे खरे होते. काणी किंवा गवताळ वाढ दिसलेल्या प्लॉटचे बेणे आपण घेत नाही. कोंबडीचे तर असे, की वरून धडधाकट दिसणारीही रोग घेऊन येते. म्हणून पुढील क्रम पाळावा.

पहिले तीन ते चार आठवडे नवी कोंबडी खुराड्यापासून शक्य तितकी लांब, वेगळ्या डालग्यात ठेवावी. दाण्या-पाण्याची भांडी वेगळी असावीत. आधी घरच्या कोंबड्यांचे काम उरकावे, मग नव्यांकडे जावे आणि हात-पाय, चपला धुवाव्यात. पंखाखाली आणि शेपटीच्या बुडाशी उवा आहेत का ते पाहावे. राणीखेतची लस नव्या-जुन्या सगळ्यांना पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सल्ल्याने द्यावी. रोग आल्यावर त्यावर औषध नाही.

त्यानंतर आठवडाभर दोघींच्या मध्ये जाळी ठेवावी. एकमेकींना दिसाव्यात, पण चोच पोहोचू नये.

मग एकत्र करावे. कोंबड्यांत मोठी कोण, धाकटी कोण हे ठरलेले असते. नवी आली की ती उतरंड पुन्हा लागते, त्यामुळे थोडी टोचाटोची होणारच. एकटी कोंबडी कधी सोडू नये, सगळ्या तिच्यावरच तुटून पडतात. दोन-तीन बरोबर सोडाव्यात, आणि त्या अंगाने घरच्यांच्या तोलाच्या असाव्यात. अंधार पडल्यावर नव्यांना हळूच दांडीवर बसवावे आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच जातीने हजर राहावे. दाणे दोन-तीन ठिकाणी टाकावेत, पाण्याचे एक भांडे जास्त ठेवावे. आडोशाला कडब्याच्या पेंढ्या उभ्या कराव्यात, म्हणजे मार खाणारीला लपायला जागा मिळते. मानेची पिसे फुलवून धावून जाणे, एखादी चोच मारणे चालेल, मध्ये पडू नये. पण रक्त दिसले की ती कोंबडी लगेच बाजूला काढावी, कारण लाल दिसले की बाकीच्या तिथेच टोचत राहतात. बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत सगळे स्थिर होते. लहान परसात दोन मोठे कोंबडे मात्र एकत्र ठेवू नयेत.

एक शेवटची विनंती. कोंबड्या एकाएकी मरू लागल्या तर उरलेल्या बाजारात नेऊ नका, मेलेल्या ओढ्यात टाकू नका. दवाखान्यात कळवा. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा त्या भागात लाखो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या.

महिनाभर एक डालगे जास्त सांभाळायचे, एवढाच काय तो त्रास. मी तो टाळला, आणि त्याची किंमत शेजारच्या आजींनीही मोजली.

— ऊस विकास अधिकारी