चिनी वैद्यकातील ज्येष्ठमध : उपयोग आणि मर्यादा

पारंपरिक चिनी वैद्यकात ज्येष्ठमधाइतका वारंवार योजला जाणारा दुसरा घटक क्वचितच आढळतो. चिनी भाषेत ‘गानत्साओ’ म्हटले जाणारे हे मूळ प्रामुख्याने उत्तर व वायव्य चीनच्या कोरड्या गवताळ प्रदेशात वाढणाऱ्या ‘ग्लिसिरायझा युरालेन्सिस’ या वनस्पतीपासून मिळते. आयुर्वेदातील यष्टीमधु, म्हणजेच ‘ग्लिसिरायझा ग्लाब्रा’, ही त्याच प्रजातीतील जात असून चीनच्या अधिकृत औषधकोशाने तिलाही मान्यता दिली आहे. ‘शेननोंग बेनत्साओ जिंग’ या प्राचीन निघंटूने त्याची गणना श्रेष्ठ वर्गात केली, तर इसवी सन 200च्या सुमारास चांग चोंगचिंग यांनी रचलेल्या ‘शांगहान लुन’मधील निम्म्याहून अधिक पाठांत ते येते.

चिनी औषधयोगात घटकांना राजा, मंत्री, साहाय्यक व दूत अशा भूमिका दिलेल्या असतात आणि ज्येष्ठमधाकडे बहुधा दूताची, म्हणजे तीव्र द्रव्यांना सौम्य करून सर्वांचा मेळ घालण्याची, भूमिका असते. कच्चे मूळ घसादुखी व खोकल्यावर आणि शरीरातील ‘उष्णता’ शमवण्यासाठी वापरतात. मधात परतलेले मूळ पचनसंस्थेची ‘ची’, म्हणजे जीवनशक्ती, वाढवते असे मानले जाते. पिओनीच्या मुळाबरोबर केलेला त्याचा काढा पोटऱ्यांत येणाऱ्या गोळ्यांवर देण्याची परंपरा आहे.

मात्र श्रेष्ठ वर्गातील म्हणून ते निर्धोक ठरत नाही, हे त्या परंपरेलाही ठाऊक होते. ‘अठरा विरोध’ या नियमावलीनुसार गानसुई, दाजी, युआनहुआ या जहाल वनस्पती व हायत्साओ हे समुद्रशैवाल यांच्याबरोबर ते वर्ज्य आहे, तसेच सूज वा पोट फुगणे असल्यास ते टाळावे, असे सांगितले जाते.

सूज येण्याचे कारण आधुनिक विज्ञानाने उलगडले आहे. जठरव्रणावर ज्येष्ठमधाचा अर्क देणारे डच वैद्य रेव्हर्स यांनी 1946 मध्ये काही रुग्णांत सूज येत असल्याचे नोंदवले. मुळातील ग्लिसिरायझिनपासून शरीरात बनणारे आम्ल मूत्रपिंडातील एका विकराला रोखते; त्यामुळे एरवी तेथे निष्प्रभ होणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक क्रियाशील राहते, सोडियम व पाणी साठते, पोटॅशियम घटते, रक्तदाब वाढतो आणि क्वचित हृदयाची लय बिघडते.

म्हणूनच चिनी औषधकोशाने दिवसाची मात्रा 2 ते 10 ग्रॅम ठरवली आहे, तर युरोपीय संघाच्या वैज्ञानिक समितीने ग्लिसिरायझिनचे नित्य सेवन दिवसाला 100 मिलिग्रॅमपलीकडे जाऊ नये, असे सुचवले आहे. खरा धोका एकाच काढ्यापेक्षा अनेक औषधे, चहा व गोड गोळ्यांतून नकळत साचत जाणाऱ्या एकूण मात्रेत अधिक असतो. उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, गर्भवतींनी आणि डिगॉक्सिन, मूत्रल औषधे वा स्टेरॉइड घेणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याविना ज्येष्ठमध नियमितपणे घेऊ नये.