टर्कीवाचूनचा नाताळ

ब्रिटनमध्ये २५ डिसेंबरच्या दुपारी मांडले जाणारे जेवण ‘परंपरागत’ म्हणून ओळखले जात असले, तरी त्याच्या मध्यभागी असणारा अख्खा भाजलेला टर्की सर्वसामान्य घरांत स्थिरावला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. आणि ज्या मोठ्या कुटुंबाच्या मापाने तो निवडला गेला, ते कुटुंब आता त्या देशात फारसे उरलेले नाही. एकोणिसाव्या शतकात तेथे एका घरात सरासरी साडेचारांच्या आसपास माणसे राहत. आज ही सरासरी अडीचच्याही खाली आहे. सणाला मुले-नातवंडे जमली तर मोठा पक्षी अजूनही संपतो, परंतु नवरा-बायको आणि एक मूल एवढ्याच घरात पाच किलोंचा टर्की आणला, की पुढचा आठवडाभर त्याच मांसाचे सँडविच, सूप आणि रस्सा यांचे फेरे सुरू होतात. २६ डिसेंबरला, म्हणजे ‘बॉक्सिंग डे’ला, उरलेल्या टर्कीची करी करण्याची जी चाल तेथे रुजली आहे, तीत भारतातून गेलेल्या मसाल्यांचा उपयोग चवीसाठी जितका होतो, तितकाच कंटाळा झाकण्यासाठीही होत असावा.

टर्की मूळचा मेक्सिको व उत्तर अमेरिकेतला. सोळाव्या शतकात तो इंग्लंडमध्ये पोहोचला, आणि तो तेथे आणण्याचे श्रेय ज्याला दिले जाते त्या यॉर्कशरच्या विल्यम स्ट्रिकलंडने १५५० मध्ये मिळालेल्या आपल्या कुलचिन्हावरही हाच पक्षी मिरवला. अठराव्या शतकात नॉरफोक आणि सफोक या पूर्वेकडच्या परगण्यांतून टर्कींचे कळपच्या कळप लंडनकडे पायी हाकले जात, आणि डॅनियल डिफोने आपल्या प्रवासवर्णनात त्यांची नोंद केली आहे. तरीही सामान्य माणसाच्या ताटात नाताळला पडे ते हंसाचे किंवा गाईगुरांचे मांस. कामकरी वर्गासाठी ‘गूज क्लब’ असत. ही एक प्रकारची भिशीच होती, तीत दर आठवड्याला काही पेन्स भरले की डिसेंबरात एक हंस हाती येई, आणि घरात भट्टी नसल्यामुळे तो भाजण्यासाठी पाववाल्याकडे नेला जाई. चार्ल्स डिकन्सच्या १८४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अ ख्रिसमस कॅरल’ या कथेतले क्रॅचिट कुटुंब असाच हंस खाते; मात्र खाणारी तोंडे आठ असल्याने सफरचंदाची चटणी आणि कुस्करलेले बटाटे यांच्या आधाराने तो पुरवावा लागतो, आणि कथेच्या शेवटी मन पालटलेला, एरवी कंजूष असलेला मालक स्क्रूज त्यांच्याकडे पाठवतो तो भलाथोरला टर्की. टर्कीची मातब्बरी आकारात होती, आणि ती पुरेशी माणसे असलेल्या घरापुरतीच खरी होती, हे या कथेतच दिसते. दुसऱ्या महायुद्धातले मांसाचे रेशनिंग ब्रिटनमध्ये १९५४ च्या जुलैत संपले. त्यानंतर मोठ्या प्रमाणावरील कुक्कुटपालन आणि घरोघरी आलेले फ्रीज यांमुळे टर्की स्वस्त झाला आणि हंस मागे पडला.

आकाराचा हा प्रश्न केवळ उरण्या-सांडण्याचा नाही. टर्की फारसा उडत नाही, चालतो मात्र पुष्कळ. त्यामुळे त्याच्या छातीचे मांस पांढरे व कमी चरबीचे असते, तर सतत राबणाऱ्या पायांचे मांस गडद असून त्यात कोलॅजेन, म्हणजे स्नायूंना बांधून ठेवणारे चिवट प्रथिन, भरपूर असते. छातीचे मांस ७० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की त्यातला रस आटून ते कोरडे पडू लागते. पायातले कोलॅजेन मात्र त्याहून अधिक उष्णतेत बराच वेळ राहिल्याशिवाय विरघळत नाही. पक्षी जितका मोठा, तितकी ही दोन टोके एकाच भट्टीत सांभाळणे अवघड. त्यात गोठवलेला पक्षी फ्रीजमध्ये वितळून मोकळा व्हायला किलोमागे १० ते १२ तास लागतात, म्हणजे पाच किलोंच्या टर्कीने दोन दिवसांहून अधिक काळ एक अख्खा कप्पा अडवलेला असतो. तिघांच्या जेवणासाठी इतका खटाटोप करण्यात फारसे शहाणपण दिसत नाही. टर्कीच हवा असेल, तर तेथील खाटकाकडे ‘क्राउन’ मिळतो. पाय काढून टाकलेला, हाडासह छातीचा हा भाग लवकर आणि एकसारखा शिजतो.

तथापि पर्याय शोधताना एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. ब्रिटिश ताटाला नाताळचे रूप देतात त्या मुख्यतः पक्ष्याच्या सोबतीच्या गोष्टी: चरबीत भाजलेले बटाटे, लिंबाएवढ्या कोबीच्या गड्ड्यांसारखे दिसणारे ब्रसेल्स स्प्राउट, सेज या सुगंधी पाल्याचे व कांद्याचे सारण, बेकनमध्ये गुंडाळलेले बोटभर सॉसेज, आंबटगोड क्रॅनबेरी सॉस, आणि लवंगा टोचलेला कांदा दुधात उकळून त्यात पावाचा चुरा घालून केलेला मध्ययुगीन वळणाचा ब्रेड सॉस. मांस बदलले तरी यांतल्या तीन-चार गोष्टी राखल्या तर जेवण ओळखीचे राहते; उलट टर्की ठेवून बाकी सारे गाळले, तर तो एरवीच्या रविवारचा रोस्ट होतो. यांतला प्रत्येक पदार्थ पसाभरही करता येतो, आणि लहान घराला नेमके तेच सोयीचे आहे.

मांसाच्या पर्यायांत बदकाचे पाय सर्वांत वरचढ ठरावेत. अख्खे दोन किलोंचे बदक हाडे आणि चरबी वजा जाता जेमतेम तिघांना पुरते, पण पाय माणशी एक या हिशेबाने विकत घेता येतात आणि त्यांत कोरडे पडण्याची भीती जवळजवळ नसते. पायांना आदल्या रात्री मीठ, मिरपूड आणि थाइमची पाने चोळून ठेवावीत, दुसऱ्या दिवशी कातडी वरच्या बाजूला ठेवून १६० अंशांवर सुमारे दोन तास भाजावेत. तोवर तळाशी सोनेरी चरबीचे थारोळे साचते. दरम्यान पिठूळ जातीचे बटाटे आठ-दहा मिनिटे उकडून, पाणी काढून, चाळणीत जरा जोराने हलवले की त्यांच्या कडा भरभरीत होतात. पाय बाजूला काढून भट्टी २०० अंशांवर न्यावी आणि बटाटे त्याच तापलेल्या चरबीत पाऊण तास भाजावेत. भरभरीत कडांत चरबी मुरून जो कुरकुरीत पापुद्रा धरतो, तो गुळगुळीत बटाट्यावर कधीच येत नाही. शेवटच्या दहा मिनिटांत पाय पुन्हा आत सरकवले की कातडी करकरीत होते. एवढाही वेळ नसलेल्यांसाठी नैर्ऋत्य फ्रान्सचे ‘कॉन्फी’, म्हणजे बदकाच्याच चरबीत मंद शिजवून त्याच चरबीत टिकवलेले पाय, डब्यात तयार मिळतात. गिनी फाउल हा ठिपकेदार पिसांचा आफ्रिकी पक्षी सव्वा-दीड किलोंचा असतो आणि अख्खा पक्षी टेबलावर आणून कापण्याचा सोहळा ज्यांना सोडवत नाही अशा तिघा-चौघांना तो नेमका पुरतो.

युरोपातल्या अनेक देशांत मुख्य जेवण २४ च्या रात्रीचे असते. ख्रिस्तजन्मापूर्वीचा आगमनकाळ हा पूर्वी संयमाचा काळ मानला जाई आणि नाताळच्या पूर्वसंध्येला कॅथलिक घरांत मांस वर्ज्य असे. त्यामुळे त्या रात्रीची पक्वान्ने बहुधा मासळीची किंवा साधी राहिली, आणि म्हणूनच ती लहान घराला सहज झेपतात. जर्मनीत कित्येक घरांत त्या संध्याकाळी बटाट्याचे सॅलड आणि उकडलेले सॉसेज एवढेच असते, आणि त्याला कोणी कमीपणा मानत नाही. नेपल्समध्ये शिंपल्यांचे स्पॅगेटी लागते: लसूण, ऑलिव्ह तेल, पार्स्ली आणि शिंपले उघडताना सुटलेले खारे पाणी, एवढ्यावर दोघांचे पान अर्ध्या तासात वाढता येते. पोलंडमधली चाल बारा पदार्थांची आणि कार्प माशाची; ती लहान घराला जड जाते, पण अनपेक्षित पाहुण्यासाठी एक ताट रिकामे मांडण्याची तिथली रीत कितीही लहान घराला पाळता येते. जपानची गोष्ट निराळीच. ख्रिस्ती लोक एक टक्क्याच्या आसपास असलेल्या या देशात केएफसीने १९७४ मध्ये देशव्यापी जाहिरात केली आणि तळलेल्या कोंबडीचा डबा हेच नाताळचे जेवण होऊन बसले. परंपरा किती अल्पावधीत ‘परंपरागत’ होते याचा याहून उघड दाखला सापडणे कठीण.

शाकाहाऱ्यांसाठी ब्रिटनमध्ये ‘नट रोस्ट’, म्हणजे सुकामेवा, कांदा आणि पावाचा चुरा एकत्र भाजलेली वडी, रूढ आहे. ती कोरडी होण्याची तक्रार खरी असली, तरी मशरूम सढळ हाताने घातले की ती पुष्कळशी दूर होते. गोडात ख्रिसमस पुडिंग हा मनुका-बेदाण्यांचा वाफवलेला गोळा महिनोन्महिने टिकतो आणि एकेका माणसापुरताही मिळतो, त्यामुळे तेथे पर्याय शोधण्याची गरजच पडत नाही.

गोव्यात आणि उत्तर कोकणात मोठ्या पक्ष्याचा हा पेच फारसा उद्भवत नाही, कारण तेथील नाताळ एका पक्ष्याभोवती उभारलेला नसून भांड्यांत मापून शिजणाऱ्या पदार्थांचा आहे. गोव्याचे सोरपोतेल, म्हणजे डुकराचे मांस आणि काळीज उकडून, बारीक चौकोनी तुकडे करून, तळून, मसाला व माडाच्या सुरेच्या शिरक्यात शिजवलेले कालवण, केल्या दिवशी तिखट-आंबट अशा दोन वेगळ्या चवींचे लागते. रोज एकदा नीट उकळी काढत दोन-तीन दिवस मुरले की त्या चवी एकजीव होतात. अर्धा किलो मांस आणि पाव किलो काळजाचे सोरपोतेल २२ तारखेला केले, तर चौघांच्या घरात ते २५ ला ऐन चवीत येते, आणि उरलेच तर टर्कीसारखे कंटाळवाणे न होता आणखी मुरते. मुंबई, ठाणे आणि वसई पट्ट्यातल्या मराठीभाषक ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजात बाटलीत भरून ठेवला जाणारा ‘बाटली मसाला’ घातलेली बदकाची मोईली नाताळला होते, आणि एका बदकात चौघांचे कालवण भागते, कारण हाडांचा अर्कही रश्श्यातच उतरतो. सोबतीला मैदा आंबवून तळलेले पोकळ गोल फुगे असतात. कालवण आधी करून ठेवता येते, फुगे मात्र गरम असतानाच खाण्याचे. तेवढे २५ तारखेला सकाळी तळावे लागतात.